लेखकाने संपादक केव्हा गाठावा?

मराठीत ‘संपादक’ म्हटले की प्रथम आठवतो तो नियतकालिकाचा संपादक. पुस्तकाचा संपादक म्हटले, तर विविध लेखकांचे लेख एकत्र करून त्यांना प्रस्तावना जोडणारा, असा आपला समज असतो. एका लेखकाचे हस्तलिखित वाचून, ते अधिक नीट उभे राहावे यासाठी त्या लेखकाशी वाद घालणारा तिसरा संपादक आपल्याकडे झालाच नाही असे नव्हे. पण त्याच्या कामाला वेगळे नाव पडले नाही. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन यांच्याविषयी आपण आदराने बोलतो ते मुख्यतः या तिसऱ्या कामासाठी. ‘सत्यकथे’कडे गेलेली कथा सविस्तर पत्रासह लेखकाकडे परत यावी, लेखकाने ती पुन्हा लिहावी, ती पुन्हा परत यावी, हे तेथे नित्याचे होते. मौज प्रकाशन गृहाच्या पुस्तकांनाही याच शिस्तीतून जावे लागे. ‘सत्यकथा’ १९८२ मध्ये बंद पडले. श्री. पु. २००७ मध्ये गेले, पटवर्धन २०१४ मध्ये.

या इतिहासाकडे पाहताना एक साधी गोष्ट आपल्या नजरेतून सुटते. हा संपादक लेखकाला शोधावा लागत नव्हता आणि त्याचे मोलही द्यावे लागत नव्हते. तो मासिकाबरोबर किंवा प्रकाशनाबरोबर येत असे. त्याला लेखकाच्या खुशीची फिकीर नव्हती. फिकीर असलीच तर मासिकाच्या आणि प्रकाशनाच्या नावाची होती. म्हणून तो निःशंकपणे ‘नाही’ म्हणू शकत होता.

आज ही व्यवस्था फार थोड्या ठिकाणी उरली आहे. अनेक प्रकाशक हस्तलिखित थेट अक्षरजुळणीला देतात. नवोदित लेखकाकडून छपाईच्या खर्चाचा वाटा घेतात. मुद्रितशोधन झाले तरी संपादन झाले, असे समजतात. अशा वेळी लेखकाने स्वतःच्या खर्चाने मुक्त संपादक, म्हणजे कोणत्याही प्रकाशनाच्या पगारावर नसलेला संपादक, गाठावा हा सल्ला योग्यच आहे. परंतु या नव्या व्यवस्थेत एक मूलभूत उलथापालथ झालेली आहे, आणि तिची चर्चा होत नाही. संपादकाचे मानधन आता लेखक देतो. ज्याच्याकडून मानधन घ्यायचे त्यालाच ‘तुमचे पहिले शंभर पान अनावश्यक आहे’ असे सांगायचे, ही अवघड स्थिती आहे. त्यामुळे संपादक केव्हा गाठावा आणि त्याच्याशी कोणत्या अटींवर काम करावे, हे प्रश्न केवळ सोयीचे राहत नाहीत. त्यांची उत्तरे चुकली, तर लेखकाला विकत मिळते ती फक्त सफाई.

आधी ‘केव्हा’ या प्रश्नाचा विचार करू. दोन वेळा निश्चितपणे चुकीच्या आहेत. पहिली म्हणजे लेखन अर्धवट असताना. कादंबरीची सहा प्रकरणे झाली आहेत, सातव्यापाशी ती अडली आहे, तेव्हा संपादकाकडे जावे, असे अनेकांना वाटते. पण अडलेल्या जागी दुसऱ्याने काढलेली वाट ही दुसऱ्याचीच वाट असते. तिथे संपादक सहलेखक होतो, आणि हे नाते उघडपणे मान्य केलेले नसल्यामुळे पुढे दोघांनाही त्याचा त्रास होतो. दुसरी चुकीची वेळ म्हणजे पानजुळणी झाल्यानंतरची. ‘पुस्तक छपाईला जायचे आहे, फक्त एकदा नजर टाका’ ही विनंती साहित्यव्यवहारातल्या प्रत्येकाने ऐकलेली आहे. या टप्प्यावर एक परिच्छेद काढला तरी पाने सरकतात, सूची बदलते, जुळणी करणारा नाराज होतो. मग संपादक ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करतो आणि गप्प बसतो.

योग्य वेळ या दोहोंच्या मधली आहे. लेखकाने आपल्या परीने पुनर्लेखन पूर्ण केलेले असावे. एकदा नव्हे, निदान दोनदा. त्यानंतर हस्तलिखित काही आठवडे बाजूला ठेवलेले असावे. परत वाचताना आपण केवळ शब्द बदलतो आहोत, ‘परंतु’चे ‘पण’ आणि ‘पण’चे ‘परंतु’ करतो आहोत, असे लक्षात आले की आपली नजर त्या लेखनाला सरावली, असे समजावे. संपादकाची खरी गरज तेव्हा असते. त्यापूर्वी त्याला बोलावणे म्हणजे आपण करायचे काम त्याच्यावर टाकणे होय.

यावर कोणी मॅक्सवेल पर्किन्सचे उदाहरण देईल. न्यूयॉर्कच्या स्क्रिब्नर्स प्रकाशनातल्या या संपादकाने मार्जोरी किनन रॉलिंग्ज या लेखिकेला फ्लोरिडाच्या रानात वाढणाऱ्या मुलावर लिही, असे पुस्तक सुरू होण्याआधीच सुचवले होते. त्यातून १९३८ मध्ये ‘द यर्लिंग’ ही कादंबरी आली आणि पुढच्या वर्षी तिला पुलित्झर पारितोषिक मिळाले. मराठी वाचकाला ती ‘पाडस’ या नावाने ठाऊक आहे, आणि तिचा अनुवाद राम पटवर्धनांचा आहे. एका संपादकाच्या सूचनेतून जन्मलेले पुस्तक दुसऱ्या भाषेतल्या एका संपादकाने आपल्या हाताने आणावे, हा योग सुखद आहे. परंतु पर्किन्सने सुचवला तो विषय. लिहिले ते रॉलिंग्जने, आणि लिहायला तिने वर्षे घेतली. शिवाय पर्किन्स तिला आधीपासून ओळखत होता. तिची पत्रे वाचून तिला काय लिहिता येईल, हे त्याने ताडले होते. पहिल्याच भेटीत मानधन ठरवून आलेल्या मुक्त संपादकाकडून अशा सूचनेची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

याच पर्किन्सची दुसरी बाजूही पाहावी. टॉमस वुल्फच्या अफाट हस्तलिखितांतून त्याने ‘लुक होमवर्ड, एंजल’ (१९२९) आणि ‘ऑफ टाइम अँड द रिव्हर’ (१९३५) ही पुस्तके घडवायला मदत केली. दुसरे पुस्तक वुल्फने त्यालाच अर्पण केले. १९३६ मध्ये बर्नार्ड डीव्होटो या समीक्षकाने वुल्फच्या लेखनातली रचना त्याची स्वतःची नसून संपादकाची आणि प्रकाशनाची आहे, असा जाहीर हल्ला चढवला. तो वुल्फच्या जिव्हारी लागला आणि अखेरीस त्याने प्रकाशक बदलला. संपादकाचा सहभाग नेमका कुठे थांबला हे खुद्द लेखकालाच सांगता येईनासे झाले की अशी वेळ येते.

आता ‘कशासाठी’. संपादन हा एक शब्द असला तरी त्यात निदान तीन वेगळी कामे आहेत: रचनेचे संपादन, भाषेचे संपादन आणि मुद्रितशोधन. हा क्रमही बदलता येत नाही. आपल्या क्षेत्रातले उदाहरण घेऊ. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या नियमावलीपासून प्राध्यापकाच्या पदोन्नतीत प्रकाशनांना गुण मिळू लागले, आणि पीएच.डी.चा प्रबंध आयएसबीएन क्रमांकासह पुस्तकरूपाने काढण्याची घाई वाढली. अशा पुस्तकांचा सांगाडा आपल्या सर्वांच्या परिचयाचा आहे. पहिल्या प्रकरणात विषयाची निवड, उद्दिष्टे, गृहीतके, व्याप्ती आणि मर्यादा. दुसऱ्यात ‘संकल्पना व स्वरूप’ या नावाखाली व्याख्यांची रास. तिसऱ्यात लेखकाचे चरित्र. मग कुठे विवेचन. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी निष्कर्ष आणि उपसंहारात तेच निष्कर्ष पुन्हा. परीक्षकाला हे सारे हवे असते, कारण संशोधकाने पद्धतशीर काम केले की नाही, हे त्याला तपासायचे असते. वाचकाला तो संशोधक काय म्हणतो आहे, एवढेच हवे असते.

असे हस्तलिखित भाषेच्या संपादकाकडे गेले, तर तो तीनशे पानांतले अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घ निष्ठेने तपासेल. त्यातली शंभर पाने पुस्तकात असण्याचेच कारण नाही, हे सांगणे त्याच्या कामात बसत नाही. रचनेचा संपादक मात्र पहिलाच प्रश्न विचारेल: तुमचा मुख्य मुद्दा पान १४० वर का सुरू होतो? म्हणून लेखकाने आपल्याला कोणते काम करून हवे आहे, हे आधी स्वतःशी निश्चित करावे. बहुतेकांना रचनेचे संपादन हवे असते, आणि ते मागतात मुद्रितशोधन. कारण मुद्रितशोधनात मन दुखावले जात नाही.

प्रबंधाच्या संदर्भात एक इशाराही आवश्यक आहे. वर जे सांगितले ते पदवी मिळाल्यानंतरच्या पुस्तकाविषयी. प्रबंध सादर होण्यापूर्वी त्याची रचना दुसऱ्याने बदलून देणे हा परीक्षेतला अपप्रकारच होय, मग त्याला कोणतेही गोंडस नाव द्या. भाषेची तपासणी करून घ्यायची असेल, तर ती मार्गदर्शकाला सांगून घ्यावी आणि ऋणनिर्देशात तशी नोंद करावी. आयोगाने २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्ध स्वतंत्र विनियम केले. त्यांतील टक्केवारीची चर्चा आपण पुष्कळ करतो. दुसऱ्याने लिहून दिलेला प्रबंध मात्र त्या टक्केवारीत सापडत नाही, म्हणून तो अधिक धोकादायक आहे.

भाषेचे संपादन हे वरवर निरुपद्रवी वाटणारे, पण मराठीत सर्वांत जोखमीचे काम आहे. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम १९६२ मध्ये आले आणि १९७२ मध्ये त्यांत भर पडली. या नियमांचा धाक मोठा आहे. पण त्यांतली लवचीकता फारशी कोणी लक्षात घेत नाही. पात्राच्या तोंडी ‘असं’, ‘केलं’ ही रूपे नियमांनाच मान्य आहेत. निवेदनात ‘असे’, ‘केले’ लिहावे एवढेच ते सांगतात. केशवसुतपूर्व पद्याचे आणि चिपळूणकरपूर्व गद्याचे उतारे मूळ बरहुकूम छापावेत, हाही नियमच आहे. तरीही ज्ञानेश्वरीतली ओवी उद्धृत केली की तिचे आजच्या लेखनपद्धतीप्रमाणे ‘शुद्धीकरण’ करणारे संपादक भेटतात. नियमांचा हवाला देणाऱ्या संपादकाने निदान नियम पूर्ण वाचलेले असावेत, अशी अपेक्षा लेखकाने जरूर ठेवावी.

याहून गंभीर प्रश्न बोलीचा आहे. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’तले (१९७२) कितीतरी शब्द तत्कालीन मध्यमवर्गीय वाचकाला अनोळखी होते. कोणी सद्भावनेने ते ‘सुबोध’ करून दिले असते तर काय उरले असते, याची कल्पना करून पाहावी. दया पवारांच्या ‘बलुतं’चे (१९७८) शीर्षकच ‘बलुते’ करून घ्यावे, असे कोणाला सुचले असते तर? साठच्या दशकात लघुनियतकालिकांतल्या तरुणांनी ‘सत्यकथे’विरुद्ध बंड पुकारले, त्यामागे हीच जाणीव होती. उत्तम संपादनाचीही स्वतःची एक अभिरुची असते, आणि ती अभिरुची एका थराची असते. ज्या संपादनाचा गौरव या लेखाच्या आरंभी केला, त्याची ही मर्यादा नोंदवलीच पाहिजे. मुक्त संपादकाच्या बाबतीत लेखकाला एक सवलत आहे: त्याला निवड करता येते. अहिराणीत, मालवणीत किंवा वऱ्हाडीत निवेदन लिहिणाऱ्याने ती बोली ऐकलेला संपादक शोधावा. तसा मिळाला नाही तर, कोणत्या गोष्टींना हात लावायचा नाही याची यादी हस्तलिखिताबरोबरच द्यावी.

छाटणीविषयीही असेच सावध राहावे लागते. रेमंड कार्व्हरच्या १९८१ मधल्या कथासंग्रहात गॉर्डन लिश या संपादकाने इतकी काटछाट केली, की काही कथा निम्म्याहून कमी उरल्या. छपाई थांबवा, असे विनवणारे पत्र कार्व्हरने लिशला लिहिले होते. तरी संग्रह तसाच निघाला, आणि त्यानेच कार्व्हरला मोठी कीर्ती दिली. दोन वर्षांनी त्यातली एक कथा त्याने आपल्या पुढच्या संग्रहात विस्तृत रूपात पुन्हा छापली. आणि लिशच्या हस्तक्षेपापूर्वीचे सबंध हस्तलिखित त्याच्या मृत्यूनंतर, २००९ मध्ये, ‘बिगिनर्स’ या नावाने प्रसिद्ध झाले. दोन्ही पाठ आज शेजारी ठेवून वाचता येतात. कोणता सरस यावर मतभेद आहेत आणि राहतील. पण लेखकाची संमती नसलेले संपादन यशस्वी झाले, म्हणून योग्य ठरत नाही. आपल्याकडच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम ५७ लेखकाच्या लौकिकाला बाधा आणणाऱ्या फेरफारांविरुद्ध त्याला दाद मागण्याचा हक्क देते. लेखकांना हे कलम ठाऊक असावे आणि ते वापरण्याची वेळ येऊ नये.

ती वेळ येऊ नये यासाठी ‘कसे’ या प्रश्नाचे उत्तर व्यवहाराच्या पातळीवरच द्यावे लागेल. मराठी माणसाला साहित्यात व्यवहाराची भाषा रुचत नाही. ‘सर, जरा बघून द्या’ एवढ्यावर दोनशे पानांचे काम सोपवले जाते. मानधनाचा विषय निघत नाही. मग ‘सर’ ते सहा महिने बघत नाहीत, किंवा वरवर बघून ‘छान आहे’ म्हणतात. दोघांचाही दोष नाही. करारच झालेला नाही.

त्यामुळे पहिली पायरी म्हणून संपूर्ण संपादनाचे काम देऊच नये. फक्त वाचून लेखी अभिप्राय मागावा आणि त्याचे वेगळे मानधन द्यावे. हे मानधन अभिप्राय अनुकूल असो वा प्रतिकूल, आधीच ठरलेले आणि शक्यतो आधीच दिलेले असावे. पुढचे मोठे काम मिळावे म्हणून गोड बोलण्याचा मोह संपादकाला होऊ नये, यासाठी ही व्यवस्था आहे. ‘हे पुस्तक अजून छापण्याजोगे नाही’ या एका वाक्याचेही मोल द्यायची तयारी लेखकाने ठेवावी. ज्या उलथापालथीचा उल्लेख सुरुवातीला केला, तिच्यावर मला सुचणारा हा एकमेव उपाय आहे.

अभिप्राय पटला, निदान विचार करण्याजोगा वाटला, तर दहा-पंधरा पानांचे नमुना-संपादन करून घ्यावे. त्यातून पुष्कळ कळते. चांगला संपादक वाक्य बदलण्याआधी समासात प्रश्न लिहितो: ही व्यक्ती याआधी आली आहे का? हा काळ कोणता? हे विधान कोणाचे, तुमचे की पात्राचे? वाईट संपादक प्रश्न न विचारता तुमचे वाक्य आपल्यासारखे करून टाकतो. प्रत्येक बदल दिसेल अशा रीतीने, म्हणजे वर्डमधल्या ट्रॅक चेंजेससारख्या सोयीने, काम करण्याची अट घालावी. काम किती पानांचे, किती फेऱ्यांचे, किती दिवसांचे, हे लिहून ठेवावे. शेवटचा शब्द लेखकाचा असेल, आणि लेखकाने सूचना नाकारल्या तरी मानधन कमी होणार नाही, या दोन्ही गोष्टी एकाच कागदावर असाव्यात. पुस्तक छापून देण्याची किंवा पुरस्काराची हमी देणाऱ्या संपादकापासून दूर राहावे. छपाईचे पैसे ज्याला मिळणार आहेत, त्याच्याकडूनच अभिप्राय घेऊ नये.

मुद्रितशोधन सर्वांत शेवटी, आणि शक्यतो वेगळ्या व्यक्तीकडून करून घ्यावे. युनिकोडमधला मजकूर जुळणीसाठी जुन्या फाँटांत नेताना जोडाक्षरे फुटतात, हा नेहमीचा अनुभव आहे. संपादित प्रत निर्दोष होती, म्हणून छापलेले पान निर्दोष असेल, असे धरून चालू नये. आणि पुस्तकात संपादकाचे नाव स्पष्टपणे नोंदवावे. संपादन करून घेणे हा कमीपणा आहे, या समजुतीमुळेच आपल्याकडे या व्यवसायाला ना प्रतिष्ठा मिळाली, ना पुरेसे मानधन.

आता भाषेची सफाई कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने काही क्षणांत करून देतात, मग एवढा खटाटोप कशाला, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. सफाईपुरता तो प्रश्न रास्त आहे. पण ही साधने जे विचाराल त्याला उत्साहाने होकार देतात. लेखनाच्या त्या टप्प्यावर होकाराची टंचाई कधीच नसते.

एक आक्षेप मात्र खरोखर अवघड आहे. हे सारे ज्याला परवडते त्याच्यासाठी. लहान गावातून पहिले पुस्तक लिहिणाऱ्या मुलीने छपाईचे पैसे उभे करायचे की संपादकाचे? तिला ‘आधी संपादक नेम’ असे सांगणे सोपे आहे. याचे उत्तर एकट्या लेखकाकडे नाही. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी अनुदान योजना आहे; अशा योजनांत संपादन ही छपाईपेक्षा वेगळी बाब मानून तिच्यासाठी तरतूद व्हावी. आणि काही उत्तर आपल्या विभागांकडेही आहे. उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमांत आपण मुद्रितशोधनाच्या खुणा पाठ करून घेतो. त्याऐवजी खरे हस्तलिखित समोर ठेवून, लेखकाच्या संमतीने, त्यावर एक सत्र काम का करू नये? विद्यार्थ्यांना अभिप्राय लिहायला शिकवावे. ‘नाही’ हे सकारण, नम्रपणे आणि लेखी कसे म्हणायचे, ते शिकवावे. त्या मुलीला वाचक मिळेल आणि आपल्या विद्यार्थ्यांतून पुढचे चार संपादक तयार होतील.